समोरचा ट्रक काय म्हणाला

वणी ते यवतमाळ या रस्त्यावर मी कंडक्टर म्हणून बरीच वर्षं काढली आणि त्यातली पुष्कळशी एकाच ड्रायव्हरच्या पाठीकडे बघण्यात गेली. माणूस सतत पाठमोरा असला की त्याच्याबद्दल नको नको ते मनात येतं. मला तरी यायचं. मी मूळची दारव्ह्याकडची आणि तोंडानं फटकळ. आमच्या घरात मनात आलेली गोष्ट आधी तोंडातून बाहेर पडते, विचार मागाहून येतो. आणि हे भाऊ, म्हणजे आमचे ड्रायव्हर, असे की चाक हातात आलं की तोंडाला कुलूप. वणीच्या स्टँडवर चहा पिताना चार शब्द बोलायचे, तेही चहाबद्दलच. गाडी हलली की तेवढंही बंद.

हात मात्र बोलायचे. समोरून कोळशाचा ट्रक आला की भाऊंचा हात खिडकीबाहेर जायचा, समोरच्याचाही यायचा आणि दोन गाड्या एकमेकींना ओलांडेपर्यंत त्यांचं काहीतरी बोलून व्हायचं. कुणी बोट गरागरा फिरवायचा, कुणी तळहात खाली दाबायचा, कुणी नुसताच दिवा उघडमीट करायचा. मी मागे तिकीट मशीनची बटणं दाबत उभी आणि माझ्या डोक्यात एकच, की हे माझ्याबद्दल बोलताहेत. बाई कंडक्टर दिसली की काही पुरुषांच्या ओठाच्या कोपऱ्यात एक हसू येतं. ते मी चांगलं ओळखून होते.

त्यांच्यासोबतच्या पहिल्याच आठवड्यात एका ट्रकवाल्यानं असं बोट फिरवलं तेव्हा मी पुढे जाऊन विचारलंच.

“भाऊ, काय म्हणून राह्यलाता तो?”

“काई नाई.”

गाडी थोडी पुढे गेली आणि रस्त्याच्या कडेला तपासणी पथकाची जीप उभी. दोघं साहेब चढले. त्यांनी माणसं मोजली, तिकिटं पाहिली, माझी बॅग उघडून बघितली, काही सापडलं नाही म्हणून जरा हिरमुसले आणि उतरून गेले. मी तरातरा केबिनपाशी गेले.

“पुढे चेकिंग हाय हेच सांगत होता ना तो तुम्हाले?”

“हो.”

“मग मले काहून नाई सांगितलं?”

“तुमचे तिकिटं बरोबरच राह्यतात. कायले सांगू?”

ही माझी स्तुती होती हे मला यवतमाळ आल्यावर कळलं. तोवर मी रस्ताभर तणतणत होते आणि सुट्ट्या पैशांवरून एका भल्या माणसाशी उगाच भांडले होते.

पुढे बघून बघून मला थोडंफार उमगायला लागलं. तळहात खाली दाबला म्हणजे सावकाश जा, पुढे गर्दी आहे किंवा गुरं आहेत. कोपरातून हात ज्या बाजूला वाकवला त्या बाजूनं वाट मोकळी. काही इशारे मात्र इतके झटक्यात व्हायचे की मी डोळे फाडून बघितलं तरी हाती काही लागायचं नाही. ही भाषा कुणी बसून ठरवलेली नाही. तिची शाळा नाही, ती शिकल्याचा कुठला दाखला नाही. तेलंगणातून आलेला ट्रकवाला, पंजाबातून आलेला ट्रकवाला आणि आमचे वणीचे भाऊ, यांना एकमेकांचं एक वाक्य धड समजणार नाही, पण खिडकीतून हात बाहेर आला की सगळं समजायचं. तेही दोन्ही गाड्या जोरात पळत असताना, डोळ्याचं पातं लवायच्या आत. मला त्याचा हेवा वाटायचा. मला एखादी गोष्ट सांगायची तर अर्धा तास लागतो आणि तरी ऐकणारा म्हणतो, मग पुढे काय झालं.

हेवा वाटायचा तसा रागही यायचा. एवढं सगळं कळतं तर एक शब्द मागे टाकायला काय जातं? गाडी आमचीही आहे. चालवतात ते, पण थांबवायची नि सोडायची मी. आमच्या लाल गाडीत छताला लागून एक दोरी असते, ती ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या घंटीला बांधलेली. दोनदा ओढली तर निघायचं, एकदा ओढली तर थांबायचं. ड्रायव्हर केवढाही मोठा असो, दोरी कंडक्टरच्या हातात. मी नवी असताना मला त्या दोरीचा जरा माजच होता.

मग तो व्हिडिओ आला. तुम्हीही पाहिला असेल. दोन यंत्रं फोनवर माणसासारखी बोलत असतात, कसल्याशा हॉटेलात खोली मिळेल का वगैरे. बोलता बोलता एकमेकांना कळतं की आपण दोघंही यंत्रंच आहोत, आणि मग माणसाची भाषा सोडून ती नुसती टुकटुक, किर्रकिर्र असे आवाज काढून बोलायला लागतात. बघणाऱ्याला ओ की ठो कळत नाही. त्या दिवसांत आमच्या गाडीत एक सीट अशी नव्हती जिथून तो किर्रकिर्र आवाज आला नाही. त्याच्यासोबत कुणी लिहून पाठवायचं, आता माणसाचं काही खरं नाही. कुणी पाठवायचं, शास्त्रज्ञांनी घाबरून प्लग काढला.

मला भीती वाटली, हे सरळच सांगते. माझी मुलगी अमरावतीला कॉम्प्युटरचं शिकते. ती सुट्टीत घरी आली तेव्हा मी तिला विचारलं. ती हसली. म्हणाली, “आई, ते माणसांनीच तसं बनवलंय. बोलण्यात वेळ जातो म्हणून थोडक्यात निरोप द्यायला. त्यात गुपित काही नाही, उलगडून बघता येतं.” मग म्हणाली, “ह्याच्यातलं उलगडता येतं. पण काही यंत्रं आतल्या आत काय ठरवतात ते बनवणाऱ्यांनाही पूर्ण कळत नाही, तेही खरंय.” तिनं मला बरं वाटावं म्हणून दुसरं वाक्य गिळलं नाही, याचं मला कौतुक वाटलं. झोप मात्र त्या दुसऱ्याच वाक्यानं उडवली.

आता मुख्य गोष्ट. थंडीचे दिवस होते, कापूस वेचणीचे. आम्ही पहाटेची गाडी घेऊन वणीहून निघालो. मारेगावला मायलेकी चढल्या. मुलीच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत हॉल तिकीट आणि मांडीवर उघडलेलं गाईड. आईच्या बोटांना बोंडांचे ओरखडे. तिकीट काढताना आईनंच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या नर्सच्या भरतीची परीक्षा होती, यवतमाळला. साडेनऊला गेट बंद होणार आणि नंतर देव आला तरी आत घेत नाहीत.

“मांगच्या खेपेले थोड्यासाठी राह्यली,” आई म्हणाली. मग मुलीला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली घेतला. “यंदा नाई झालं तं हिच्या बापानं सोयरीक पाह्यून ठेवली हाय. पोरगं वाईट नाई. पण हिले शिकाचं हाय, नौकरी कराची हाय. म्या म्हटलं, एक खेप पाहू द्या मले.”

मुलीनं ऐकलं होतंच. तिनं मान वर केली नाही, गाईडचं पान मात्र बराच वेळ उलटलं नाही. मी त्या आईकडे बघत राहिले. वेचणीच्या दिवसांत एक दिवसाची मजुरी बुडवून ती आली होती, आणि नवऱ्याशी बोलून एक वर्ष मागून घेतलं होतं. त्या वर्षाचा शेवट आज साडेनऊला होता. माझ्या गाडीत रोज पन्नास माणसं चढतात, सगळ्यांचं काही ना काही असतं. पण त्या दिवशी मला वाटलं की ही पोचलीच पाहिजे.

त्यांच्या पुढच्या सीटवर एक काका होते, पांढरा शर्ट, गळ्यात मफलर. ते तोच व्हिडिओ मोठ्या आवाजात बघत होते. मुलगी म्हणाली, “काका, जरा हळू करता का? मी वाचून राह्यली.” काकांनी लगेच आवाज बंद केला, पण विषय बंद केला नाही. मागे वळून म्हणाले, “आज मशिनी आपसात बोलून राह्यल्या. उद्या आपल्याले कोनी काई विचारन तरी का?”

मुलीची आई म्हणाली, “दोघी जावा कोपऱ्यात कुजबुजल्या का सासूले वाटते, आपल्यावरच हाय.”

आजूबाजूचे हसले. काकाही हसले, पण म्हणाले, “कुजबुजू द्या ना. पन सैपाकात काय घालून राह्यल्या ते तं सांगा.”

मला त्यांचं म्हणणं पटलं. मी काही बोलणार तेवढ्यात मागून कुणीतरी तिकिटासाठी हाक मारली आणि मी शेवटच्या सीटकडे गेले. त्यामुळे समोरून आलेला ट्रक मी पाहिलाच नाही. मला कळलं ते एवढंच, की गाडी सावकाश झाली, डावीकडे वळली आणि डांबरी रस्ता सोडून एका अरुंद गावरस्त्याला लागली.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग दोन्ही बाजूंच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या, फांद्या खिडकीला घासायला लागल्या तेव्हा सगळे एकदम उठून बघायला लागले.

“अवो मॅडम, हे कुठं नेऊन राह्यले?” काका म्हणाले.

“यवतमाळचा रोड तं तिकडं राह्यला,” आणखी कुणीतरी म्हणालं.

ती मुलगी उभी राहिली होती. तिच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मला दिसत होतं. तिनं आईचा दंड घट्ट धरला होता. मी मागूनच ओरडले, “भाऊ, कुठं?” उत्तर नाही. रस्ता असा की एका अंगाला नाली, दुसऱ्या अंगाला कापसाच्या बैलगाडीची चाकोरी, आणि भाऊंचे डोळे रस्त्याला खिळलेले. त्यांनी नुसता डावा हात वर करून मागे दाखवला, म्हणजे थांबा जरा.

मला त्या हाताचा राग आला. ट्रकवाल्याशी बोलायला हात आणि आम्हालाही हातच? मी वर बघितलं, दोरी धरली आणि एकदा ओढली.

गाडी थांबली. तिथल्या तिथे, पऱ्हाटीच्या मधोमध. भाऊंनी मागे वळून बघितलं नाही की का म्हणून विचारलं नाही. घंटी एकदा वाजली आणि ब्रेक लागला. नालीच्या काठावर चाक होतं, पुढे चढ होता, अशा जागी कुठल्याही ड्रायव्हरला गाडी थांबवणं जिवावर येतं हे मला ठाऊक होतं. तरी ते थांबले. त्या एका गोष्टीसाठी मी त्यांना आजही मानते.

मग त्यांनी जे केलं ते इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं. हँडब्रेक ओढला, इंजिन चालू ठेवलं, केबिनचं दार उघडून ते आत आले आणि सगळ्यांकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचा चेहरा बऱ्याच प्रवाशांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला असेल. कानशिलांवर पिकलेले केस, आणि लोकांसमोर बोलायची सवय नसल्यामुळे दोन्ही हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं.

“करंजीच्या अलीकडं कोयशाचा ट्रक पालथा झाला,” ते म्हणाले. “रोडभर कोयसा सांडला हाय. दोन्ही बाजू बंद. आता जो ट्रक गेला, त्यानं सांगितलं. आपल्याच बाजूनं गेलता, रांगेत फसून परत फिरला तो. म्हने दुपारपर्यंत नाई मोकळा होत.”

“हे सगळं त्यानं हातानं सांगितलं?” काका म्हणाले.

“हो.”

“अन् खोटं असन तं?”

भाऊंनी थोडा विचार केला. “रोडवर खोटं सांगत नाई कोनी. त्याच्याही पुढं कोनीतरी असतेच, ज्याचं त्याले ऐका लागते.” मग त्यांनी बाहेर बोट दाखवलं. “हा रस्ता दोन गावातून जाते अन् पुढं मोठ्या रोडले लागते. ट्रॅक्टर जाते इथून, मी पाह्यलं हाय. बस मी कधी नेली नाई. जाईन असं वाटते. फसली तं फसली. परत फिराचं असन तं आत्ताच फिरतो, पुढं जागा नाई. सांगा.”

प्रत्येकाला कुठेतरी पोचायचं होतं, पण सगळ्यांच्या माना आपोआप त्या मुलीकडे वळल्या. साडेनऊचं सगळ्यांनी ऐकलं होतं. मोठ्या रस्त्यानं गेलं तर ती पोचणारच नव्हती. ह्या रस्त्यानं गेलं तर कदाचित पोचणार होती, कदाचित पऱ्हाटीत अडकून पडणार होती.

“मले पोचाचं हाय,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांनी ऐकला.

“चाला भाऊ,” तिची आई म्हणाली. “तुम्ही सांगितलं ना. आता चाला.”

काकांनी मान डोलावली. बाकीच्यांनीही डोलावली. भाऊ केबिनकडे वळले आणि माझ्याजवळून जाताना हळूच म्हणाले, “बरं केलं, घंटी मारली ते. मी सांगालेच पाह्यजे होतं.” मी वर हात नेला. दोनदा दोरी ओढली.

पुढचा रस्ता मी दाराशी उभी राहून काढला. पहिल्या गावात कापूस भरलेला एक ट्रॅक्टर वाटेत आडवा होता. गावकऱ्यांनी, आमच्या गाडीतल्या चारपाच जणांनी आणि मफलरवाल्या काकांनीही हात लावून तो सरकवला. दुसऱ्या गावात विजेची तार इतकी खाली लोंबत होती की गावच्या एका माणसानं बांबूच्या टोकानं ती वर धरली आणि भाऊंनी गाडी तिच्याखालून मुंगीच्या चालीनं काढली. बस बघून लेकरं मागे धावत होती. एका म्हातारबाबांनी तर यवतमाळचं तिकीट मागितलं आणि चढलेही.

मी दाराशी उभी राहून विचार करत होते. मला वाटत होतं, यंत्रांनी आपसात काय हवं ते बोलावं. किर्रकिर्र बोलावं, टुकटुक बोलावं. भाऊ आणि तो ट्रकवाला जर आपल्यासारखं बोलत बसले असते, नमस्कार, कसं काय, घरचे बरे का, तर दोन्ही गाड्या केव्हाच निघून गेल्या असत्या आणि आम्ही कोळशाच्या ढिगाऱ्यासमोर उभे असतो. झटपट बोलणं ही चांगलीच गोष्ट आहे. मला त्याचं नवल वाटतं, आणि ज्यांनी त्या यंत्रांना ते शिकवलं त्यांचंही वाटतं. माझी मुलगी उद्या त्यांच्यातच जाऊन बसणार आहे, याचा मला अभिमानही आहे. पण घंटी वाजली की थांबायचं, आणि थांबून, वळून, आमच्या तोंडाकडे बघत, काय समजलं नि काय समजलं नाही ते सांगायचं, एवढं यंत्राला कोण शिकवणार?

हे मी पुढे काकांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, “मॅडम, आपल्या गाडीत दोरी हाय. त्याईच्या मशिनीत दोरी कोठी हाय, कोनाच्या हाती हाय, ते आपल्याले मालूम नाई.” ते मलाही माहीत नव्हतं. आजही माहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांनी भाऊंसारखं पुढे येऊन सांगावं, आणि आम्हाला समजेल असं सांगावं, असं मला वाटतं.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी मात्र मागे बघितलं नाही, पुन्हा कुलूप लागलं होतं. जोडमोहा मागे पडलं. यवतमाळच्या वेशीवर आलो तेव्हा उन्हं वर आली होती आणि नाक्यावर गाड्यांची ही मोठी रांग. स्टँड शहरात आत. मुलीच्या परीक्षेचं केंद्र नाक्यापासून एका वेगळ्याच रस्त्याला. तिनं आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे. काकांनी आपली पुढची सीट सोडून मुलीला दाराजवळ केलं.

तेवढ्यात समोरून एक ऑटो शहराबाहेर निघालेला दिसला. भाऊंनी खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले. एका हाताच्या तळव्यावर दुसऱ्या हाताच्या बोटानं लिहिल्यासारखं केलं आणि मग दोन्ही तळवे एकमेकांवर मिटवले, दार लावल्यासारखे. ऑटोवाल्यानं एकदाच बघितलं. रांगेच्या मधूनच त्यानं ऑटो गर्रकन फिरवला आणि आमच्या दाराला आणून लावला. मी घंटी मारायच्या आत मुलगी उतरली होती, मागे आई, पिशवी छातीशी धरून. मी केंद्राचं नाव ओरडून सांगितलं. ऑटो कडेकडेनं, लोकांच्या शिव्या खात निघून गेला.

घड्याळाकडे मी मुद्दाम बघितलं नाही. बघून काय करणार होते? स्टँडला उतरताना काका म्हणाले, “पोचली असन ना?” मी म्हटलं, “पोचली असन.” माझ्या बोलण्यावर माझाच विश्वास नव्हता.

यवतमाळला आमचा दोन-अडीच तासांचा मुक्काम असतो. डबा उघडला आणि तसाच मिटला. तिचा नंबर घ्यायला हवा होता, ते सुचलंच नाही. भाऊ झाडाखाली बाकावर बसून होते. मी जाऊन विचारलं, “काय वाटते तुम्हाले?” ते म्हणाले, “ऑटोवाला हुशार होता.” यापुढे काही नाही. मीही त्यांच्या शेजारी बसून राहिले. साडेनऊला ते गेट उघडं होतं की बंद, एवढी एकच गोष्ट मला हवी होती आणि ती सांगणारं त्या अख्ख्या स्टँडवर कुणी नव्हतं.

दुपारी परत निघालो. गाडी भरलेली, सगळी माणसं वेगळी. कुणी बाजार करून चाललेलं, कुणी दवाखान्यातून, एक नवं लग्न झालेलं जोडपं. सकाळचं कुणीही नाही. नाक्यावर गाडी सावकाश झाली आणि मला पलीकडे तोच ऑटो दिसला, सवारीची वाट बघत उभा. ऑटोवाल्यानंही आमची गाडी ओळखली. तो खाली उतरला आणि त्यानं दोन्ही हातांनी काहीतरी केलं, भराभर, तीनचार हालचाली. मी दाराच्या दांडीला धरून वाकून वाकून बघितलं. मला त्यातलं काही म्हणजे काही समजलं नाही. भाऊंनी एक हात वर केला, त्याला उत्तर म्हणून, आणि गाडी नाक्याबाहेर काढली.

मी दोरीकडे हात नेला. पण मी ओढायच्या आत गाडीनं इंडिकेटर दिला आणि ती कडेला थांबली. भाऊंनी हँडब्रेक ओढला, इंजिन चालू ठेवलं आणि केबिनचं दार उघडून ते आत आले. त्या सगळ्या अनोळखी माणसांसमोर उभे राहिले. ते हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

“ते पोट्टी पोचली,” ते म्हणाले. “गेट लावूनच राह्यलेते. पन गेली आतमंधी.”

गाडीतल्यांनी एकमेकांकडे बघितलं. माझ्या डोळ्यांना धार लागली होती. पुढच्या सीटवर बाजाराच्या पिशव्या घेऊन बसलेल्या एका बाईनं विचारलं, “कोनाची पोट्टी, भाऊ?”

“आपल्या गाडीतली,” भाऊ म्हणाले.